वैयक्तिक ब्लॉग वाचायचे, तर ईमेल की फीड रीडर?

वैयक्तिक ब्लॉगचे दिवस सरले, असं अधूनमधून कुणीतरी जाहीर करतं. मला तसं अजिबात वाटत नाही. लंबकाच्या घड्याळांची दुरुस्ती, शेवाळाच्या जाती, कवितेचा अनुवाद करताना पडणारे पेच, जुने नकाशे, घरी शाई बनवण्याचे प्रयोग अशा विषयांवर एकेकटी माणसं आजही जीव ओतून लिहितायत, तेही कुणी सांगितलेलं नसताना. खरी अडचण येते ती अशी माणसं सापडण्यात, आणि सापडल्यावर त्यांचा माग ठेवण्यात. समाजमाध्यमांच्या भरवशावर हे जमत नाही, कारण आपण निवडलेल्या माणसाचं लिखाण आपल्याला दिसेलच याची तिथे खात्री नसते. मग दोन वाटा उरतात. लेखकाच्या न्यूजलेटरला आपला ईमेल पत्ता द्यायचा, किंवा एक फीड रीडर, म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉगवरचे नवे लेख एकाच जागी दाखवणारं अ‍ॅप, घेऊन त्यात आवडलेले ब्लॉग भरत जायचे. मी दोन्ही बरीच वर्षं वापरलं आहे.

ईमेलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. नवं अ‍ॅप नको, नवी सवय नको, पत्ता टाकला की काम झालं. आपण विसरलो तरी लेख येऊन पडतो. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रिप्लायचं बटण. वाचताना मनात आलेलं दोन ओळींत लिहून पाठवलं की ते थेट लेखकाकडे पोचतं, आणि ज्यांचे वाचक थोडे असतात ते लेखक बहुधा उत्तरही देतात. माझे काही फार चांगले पत्रव्यवहार असेच सुरू झाले. फीड रीडरमध्ये ही जवळीक नाही. तिथे आपण वाचतो हे लेखकाला कळतसुद्धा नाही. लिहिण्यातून चार पैसे मिळावेत अशी ज्याची गरज आहे, त्यालाही ईमेलची व्यवस्थाच सोयीची पडते. तेव्हा कुणी ईमेल निवडलं, तर त्याला चूक म्हणायला मी धजावणार नाही.

नवे लेखक सापडण्याची सोयही ईमेलवाल्यांनी केली आहे. सबस्टॅक ही न्यूजलेटर चालवण्याची सेवा २०१७ साली सुरू झाली. २०२२पासून तिथले लेखक एकमेकांची शिफारस करू शकतात. एकाला सबस्क्राइब केलं की त्याच्या पसंतीच्या लेखकांची यादी समोर येते. कल्पना चांगली आहे, कारण शिफारस करणारा शेवटी माणूसच असतो. माझा अनुभव मात्र असा, की थोडं पुढे गेलं की आपण त्याच वर्तुळात फिरायला लागतो. लेखनाविषयी लिहिणारे लेखनाविषयी लिहिणाऱ्यांचीच नावं सुचवतात. घड्याळवाल्याकडून शेवाळाच्या अभ्यासकाकडे नेणारी वाट मला तिथे क्वचितच मिळाली. तुम्हाला कदाचित मिळेलही.

पण माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच कटकटीमुळे, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

घड्याळं दुरुस्त करणारा एक लेखक मी ईमेलवर वाचत असे. वर्षातून दोन-तीन लेख, फोटो जवळजवळ नाहीतच, नुसता मजकूर. एक अख्खा लेख एवढ्याच गोष्टीवर होता, की घड्याळाच्या पितळी पट्टीतल्या ज्या बारीक भोकात चाकाच्या आसाचं टोक फिरतं, तिथे जुनं तेल हिरवट होऊन घट्ट बसतं, ते कसं काढायचं. लाकडाची काडी टोकदार तासायची, भोकात फिरवायची, ती काळी होऊन निघते. टोक पुन्हा तासायचं, पुन्हा फिरवायची, काडी स्वच्छ निघेपर्यंत. ती कधी स्वच्छ निघाली म्हणायची, त्यावर त्याने एक सबंध परिच्छेद लिहिला होता. असं लिखाण दुसरीकडे कुठे मिळणार? मी तो लेख मित्रांना वाचून दाखवला. त्यानंतर बराच काळ काही आलं नाही. माणूस थांबला असेल, असं मी धरून चाललो. तो थांबला नव्हता. यादीतून माझं नाव गळलं होतं.

हे होतं कसं, तर अशा मेलमध्ये बहुतेक वेळा एक न दिसणारं, एका पिक्सेलचं चित्र असतं. मेल उघडली की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि 'उघडली' अशी नोंद होते. मी मेलमधली चित्रं आपोआप उघडू देत नाही. त्यामुळे अक्षर न अक्षर वाचूनही, यंत्राच्या लेखी मी एकही मेल उघडलेली नव्हती. आता मेल पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा सदस्यांच्या संख्येवर पैसे आकारतात. शिवाय न उघडल्या जाणाऱ्या मेल वाढल्या, की बाकीच्यांच्या मेलही स्पॅममध्ये जाण्याची भीती असते. म्हणून 'न वाचणाऱ्यांची' नावं काढून टाका, असा सल्ला लेखकांना सर्रास दिला जातो. काढण्याआधी 'अजून वाचायचं असेल तर इथे क्लिक करा' अशी मेल येते, पण ती इनबॉक्सच्या प्रमोशन्स टॅबमध्ये जाऊन पडली तर दिसणार कुणाला? दुसरीकडे अ‍ॅपलने २०२१मध्ये आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय आणली, की ती चालू असेल तर चित्रं आधीच मागवून ठेवली जातात. म्हणजे मेलकडे ढुंकूनही न बघणारा वाचक म्हणून नोंदला जातो आणि मन लावून वाचणारा गळतो.

यात त्या लेखकाचा दोष नाही. पोटतिडकीने लिहिणाऱ्या माणसाने असले हिशेब ठेवत बसावं लागणं, हेच मला खटकतं. आणि वैयक्तिक ब्लॉगच्या बाबतीत ते जास्तच खटकतं, कारण यातले उत्तम लेखक अनियमित असतात. सांगण्यासारखं काही जमेपर्यंत ते गप्प बसतात. ईमेलला ही शांतता मानवत नाही. फार दिवसांनी पाठवलं तर लोक 'हा कोण?' म्हणून स्पॅमचं बटण दाबतात, म्हणून मग दर आठवड्याला काहीतरी पाठवत राहायचं. मला आवडणारे काही जण या फेऱ्यात अडकून पातळ होत गेले, असं माझं मत आहे. ते मोजून दाखवता येणार नाही.

फीडमध्ये हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. फीड ज्या स्वरूपात लिहिलं जातं त्या आरएसएसचा जन्म १९९९ सालचा, नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतला. त्याची रचना इतकी साधी आहे की ती टिकली यात नवल नाही. ब्लॉगवर एक फाइल असते, तिच्यात ताज्या लेखांची यादी. आपला रीडर अधूनमधून जाऊन ती फाइल बघतो आणि नवं काही असेल तर दाखवतो. लेखकाकडे वाचकांची यादीच नसते, मग नाव गाळणार कुणाचं? एखादा ब्लॉग दोन वर्षं गप्प राहिला तरी त्याचा कुणाला त्रास नाही. तो यादीत पडून राहतो आणि एक दिवस त्याच्या नावापुढे १ हा आकडा दिसतो. त्या आकड्याचा मला होणारा आनंद इनबॉक्सने कधी दिला नाही. घड्याळवाल्याचा ब्लॉग मी फीडमध्ये घेतला आणि मधल्या काळातले चुकलेले लेख त्याच्या साइटवर जाऊन सलग वाचून काढले.

फीड रीडरमध्ये काही खोट नाही, असं नाही. पहिल्या दिवशी तो रिकामा असतो आणि तो रिकामेपणा बऱ्याच जणांना परत पाठवतो. काही ब्लॉग फीडमध्ये पूर्ण लेख न देता दोनच ओळी देतात. ब्लॉगचा पत्ता बदलला तर फीड बंद पडतं, आणि रीडरने चूक दाखवली तरच ते कळतं. फीडची लिंकही साइटवर ठळक दिसेलच असं नाही. तसं बघायला गेलं तर साइटचा पत्ता रीडरमध्ये नुसता चिकटवला तरी तो बहुतेक वेळा फीड शोधून काढतो. नाहीच सापडलं, तर वर्डप्रेस आणि सबस्टॅकवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघावं. हो, सबस्टॅकचे मोफत लेख फीडमधूनही वाचता येतात. ईमेल पत्ता द्यावा लागत नाही.

'गूगल रीडर बंद झाला, मग फीडचं काय राहिलं' हा आक्षेप अजून ऐकू येतो. गूगलचा तो फीड रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला हे खरं. पण बंद झाला तो रीडर, फीड नव्हेत. वाचकांनी आपली यादी ओपीएमएल या, फीडच्या याद्यांसाठीच असलेल्या फाइलमध्ये उतरवून घेतली, दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि वाचन पुढे चालू ठेवलं. आजही रीडर बदलायचा तर हेच करायचं. पॉडकास्टसुद्धा याच आरएसएसवर चालतात. कुठला रीडर घ्यावा यात मी फार पडत नाही. फीडली, इनोरीडर कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतात. अ‍ॅपलची उपकरणं असतील तर नेटन्यूजवायर मोफत आहे आणि फार नेटका आहे. स्वतःचा सर्व्हर सांभाळायची हौस असेल, तर फ्रेशआरएसएस.

रिकामा रीडर भरायचा कसा, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि फीडचं पारडं माझ्यासाठी इथेच जड होतं. ऊह डॉट डिरेक्टरी ही फिल गायफर्ड यांनी २०२२मध्ये सुरू केलेली ब्लॉगची सूची आहे. तिथे विषयवार ब्लॉग मिळतात आणि कुठल्या ब्लॉगवर शेवटचं कधी लिहिलं गेलं तेही दिसतं, त्यामुळे ओसाड पानांवर वेळ जात नाही. कागी या शोधयंत्राच्या कंपनीने २०२३मध्ये 'स्मॉल वेब' सुरू केलं. तिथे बटण दाबलं की कुठल्यातरी छोट्या साइटवरचा ताजा लेख उघडतो. सभासदत्व लागत नाही. कधी कुणाच्या बागेची नोंद, कधी जुन्या संगणकाची दुरुस्ती, कधी नुकत्याच गेलेल्या आईविषयी लिहिलेलं काही. आवडलं नाही तर पुढचा लेख. मार्जिनालिया हे शोधयंत्र मुद्दामच मजकूर भरपूर असलेल्या साध्या साइट वर आणतं. या तिन्हींतून मला जे सापडलं, ते कुठल्याही शिफारशीच्या यादीतून सापडलं नसतं असं वाटतं.

पण त्यांच्याहूनही माझा जास्त विश्वास ब्लॉगरोलवर आहे, म्हणजे ब्लॉगच्या एखाद्या कोपऱ्यात लेखकाने दिलेली आपल्या आवडत्या ब्लॉगची यादी. ती बनवताना त्याला काही मिळणार नसतं, त्यामुळे तिच्यात विषयांची सरमिसळ असते. त्या घड्याळवाल्याच्या यादीत घड्याळांचा एकच ब्लॉग होता. बाकी एक पाव भाजणारी, एक घंटानादाचा अभ्यासक आणि शेवाळाच्या जाती टिपणारी एक बाई. शेवाळाचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तो तिच्यामुळेच.

तेव्हा तुम्ही चार-पाचच लेखक वाचत असाल, ते नियमित लिहीत असतील आणि त्यांच्याशी बोलायची तुम्हाला हौस असेल, तर ईमेल पुरे आहे. फक्त त्यांचे पत्ते संपर्कयादीत घालून ठेवा आणि 'अजून वाचता का' अशी मेल आली तर त्यातल्या लिंकवर आठवणीने क्लिक करा. माझेही ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे असे काही लेखक मी ईमेलवरच ठेवलेत. तुम्हाला विषय पसरट आवडत असतील, कधीतरीच लिहिणारी माणसं जपायची असतील, तर मी तरी फीड रीडरच घ्या म्हणेन. सुरुवातीला थोडेच ब्लॉग भरा, त्यांचे ब्लॉगरोल उघडा, आणि महिनाभर काहीच न लिहिणाऱ्याला यादीतून काढू नका.