चार कोंबड्या की भाजीची दहा खोकी? मुंबईतल्या घरासाठी मांडलेला हिशेब

माझी नणंद भांडुपला बैठ्या चाळीत राहते. दारापुढे सहा-सात फुटांचा ओटा, वर पत्रा, कडेला पाण्याचं पिंप. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "वहिनी, ओट्यावर चार कोंबड्या पाळीन म्हणते. रोजच्या अंड्यांचा खर्च तरी सुटेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "की भाजीच लावू? दोन्ही नाही मावणार इथे."

मी तिला लगेच काही सांगितलं नाही. कुर्ल्याला तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत मी सहा वर्षं भाजी लावतेय. गोराईला मावशीच्या अंगणातल्या कोंबड्या तर लहानपणापासून बघितल्यात. जीव दोन्हींवर आहे, म्हणूनच आधी वही उघडली. तोच हिशेब इथे मांडते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. यातले भाव मी धरून चाललेले आहेत. तुमच्या नाक्यावरचे भाव घालून पुन्हा गुणाकार करा.

एका अंड्यामागे किती खाद्य?

अंड्यासाठीची संकरित कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. वर्षाचं झालं साधारण 42 किलो. सगळी व्यवस्था नीट असेल तर ती वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. म्हणजे एका अंड्यामागे 140 ग्रॅम खाद्य. किलोला 35 रुपये धरले तर अंड्याला पाच रुपये नुसत्या खाद्याचेच झाले. दुकानात अंडं सात रुपयांना मिळत असेल, तर हातात राहिले दोन. चार कोंबड्यांची रोज तीन अंडी धरली तर दिवसाला सहा रुपये, महिन्याला 180. यात पिंजरा नाही, औषध नाही. पिल्लू आणलं तर ते अंड्यावर यायला 18 ते 20 आठवडे लागतात, तोवर ते जे खाईल तेही यात नाही.

"मग गावठी घेते," असं नणंद म्हणालीच. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, मध्ये खुडूक बसते, पिल्लं काढते. तिला बांधून, विकतचं खाद्य घालून पाळलं तर एका अंड्यामागे जवळजवळ अर्धा किलो खाद्य जातं, म्हणजे सतरा रुपये. मावशीला ती परवडते, कारण मावशी तिला जवळपास काहीच विकतचं घालत नाही. सकाळी खुराडं उघडलं की कोंबड्या अंगणात, परसात, माडाच्या बुंध्याशी दिवसभर उकरत फिरतात. किडे, वाळवी, सांडलेला भात, मासळी साफ केल्यावर उरलेलं हेच त्यांचं खाणं. संध्याकाळी मूठभर तांदळाची कणी टाकली की झालं. गावठी कोंबडीचा सगळा फायदा तिच्या पायांत आहे. ओट्यावर जाळीत कोंडली की तो संपला.

घरातलं उरलंसुरलं घालून खाद्य वाचतं का? थोडं वाचतं. पण अंडी देणाऱ्या कोंबडीला प्रथिनं लागतात आणि कवचासाठी भरपूर कॅल्शियम लागतं. नुसत्या भात-पोळीवर ठेवलेली कोंबडी जगते, पण अंडी कमी देते आणि ती पातळ कवचाची निघतात. शिंपल्यांचा चुरा, वाळवून कुटलेली अंड्याची टरफलं हे द्यावंच लागतं.

बटेरांचंही नणंदेनं कुठून तरी ऐकलं होतं. जपानी बटेर सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते, तिला जागा कमी लागते, आवाजही कमी. ऐकायला छान. पण तिचं अंडं दहा-एक ग्रॅमचं. कोंबडीच्या एका अंड्याएवढं व्हायला पाच लागतात. दिवसाला 25 ग्रॅम खाद्य आणि वर्षाला 250 अंडी धरली, तर त्या पाच अंड्यांमागे 180 ग्रॅम खाद्य जातं, म्हणजे कोंबडीपेक्षा जास्तच. बटेरीची अंडी विकायची असतील तर गोष्ट वेगळी. घरच्या आमलेटाचा खर्च त्यातून कमी होत नाही. आणि रानातला लावा, म्हणजे जंगली बटेर, पकडून आणून पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे कुणी स्वस्तात देऊ करतंय म्हणून विसरू नका.

पैशापलीकडचं कोंबड्यांचं ओझं

एक गैरसमज आधी दूर करते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच लागतो. चाळीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं, तेव्हा फक्त तलंगाच, म्हणजे तरुण माद्याच, घ्याव्यात.

एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते. चार कोंबड्यांची रोज अर्धा किलो. उन्हाळ्यात ती वाळते, राख किंवा भुसा टाकून भागतं. जुलैत चार दिवस झड लागली की तोच भुसा ओला होतो आणि वास भिंतीपलीकडे जातो. त्याहून मोठी काळजी उंदीर-घुशींची. सांडलेल्या खाद्यावर त्या येतातच, आणि मुंबईच्या पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो किती घातक आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, पंधरा दिवसांपुरतंच आणायचं. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि ती कोंबडीच्या यकृतावर जाते. सखल वस्तीत तळमजल्याला राहत असाल तर खुराडं कमरेएवढ्या उंचीवर हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण ओट्यावर पाणी चढायला त्याच्या निम्माही पाऊस पुरतो.

आजारांचं म्हणाल तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यावीच लागते. अडचण अशी की लसीची कुपी शेकडो पक्ष्यांसाठीची असते, आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण फोडणार? गोराईत मावशी आणि आसपासची सात-आठ घरं मिळून एकच दिवस ठरवतात. चाळीत एकट्या घराला हे जमत नाही. बर्ड फ्लूचाही विचार करायला हवा. देशात तो पहिल्यांदा आपल्याच राज्यात, नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये निघाला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यांना आणि मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांतही सापडला. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारून टाकतात, तुमच्या चार निरोगी असल्या तरी. नणंदेची धाकटी मुलगी कोंबड्यांना नावं ठेवणार, मांडीवर घेऊन बसणार, हे मला आत्ताच दिसतं. त्या पोरीला त्या दिवशी काय सांगायचं, याचंही उत्तर घरात तयार हवं. दीड-दोन वर्षांनी अंडी कमी होतील तेव्हा कोंबडीचं काय करायचं, याचंही.

परवानगीसाठी वॉर्ड ऑफिसात आणि सोसायटीत किंवा चाळ कमिटीत आधी विचारा, नंतर नाही. या शहरानं दाट वस्तीतली जनावरं बाहेर काढायचं फार आधी ठरवलंय. 1949 मध्ये आरे कॉलनी उभी राहिली ती म्हशींचे तबेले वस्तीतून हलवण्यासाठीच. इतकं सगळं ऐकूनही कोंबड्या पाळायच्याच असतील, तर त्याच आरेत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. परसातल्या पालनाला चालतील अशा जातींची माहिती तिथे मिळते. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. आजारी पक्षी घेऊन कुठे जायचं, हे कोंबडी घरात येण्याआधी माहीत असावं.

गॅलरी काय देते, काय देत नाही

कांदे, बटाटे, तेल, डाळ यांना गॅलरी हात लावू शकत नाही. फ्लॉवर, कोबी लावण्यात अर्थ नाही. तीन महिने जागा अडवून एक गड्डा मिळतो. टोमॅटोचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होता. थंडीत चार झाडांना छान लागले, पण त्या जागेत पालेभाजी लावली असती तर तिप्पट फायदा झाला असता.

पैसा वाचतो तो बारीक, रोजच्या वस्तूंत. पूर्वी भाजीवाला मिरची-कोथिंबीर-कढीपत्ता वरून टाकायचा, आता त्या मसाल्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. एक दिवसाआड वीस रुपयांचा धरला तरी महिन्याला 300 रुपये, आणि त्यातला निम्मा फ्रीजमध्ये काळा पडून जातो. घरचा असला की लागेल तेवढाच खुडायचा. माझ्याकडे कढीपत्त्याची एक मोठी कुंडी, मिरचीची सहा झाडं, पुदिना, गवती चहा आणि पानओवा आहे. यातले महिन्याला 200 रुपये सहज वाचतात. म्हणजे चार कोंबड्यांच्या 180 च्या बरोबरीनं, आणि रोज विकतचं खाद्य न घालता.

त्याच्या जोडीला पालेभाजी. माठ 25 ते 30 दिवसांत येतो. पालक महिन्या-सव्वामहिन्यात, आणि बुडखा ठेवून कापला की पुन्हा फुटतो. मायाळू ग्रिलवर चढवला की वर्षभर भज्यांना आणि डाळीत पुरतो. अळू तर आपल्या हवेचंच बाळ. त्याला फार ऊन लागत नाही, पाणी मात्र भरपूर हवं. वडीचं आणि फतफत्याचं अशी दोन वेगळी खोकी ठेवा. सगळ्यात लवकर पैसे परत करणारी म्हणजे समुद्रमेथी, ती चिमुकल्या जुड्यांची. किनाऱ्याच्या वाळूत ही मेथी लावायची मुंबईची जुनी पद्धत आहे. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून रेताड मातीत दाट पसरले की दहा-बारा दिवसांत उपटायला येते. बियाण्याचा खर्च दहा रुपयेही नाही.

कोथिंबिरीनं मला दोन वर्षं रडवलं. जुलैत भाव चढतो म्हणून जुलैतच लावायचे आणि ती पावसाच्या माराखाली सडायची. आता धणे चेपून, दोन फाका करून, पत्र्याखालच्या खोक्यात टाकते. पाणी हातानंच, तेही थोडंच.

जमीन नाही हे कारण सांगू नका. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भटारखान्याच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्यामागे श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची पद्धत होती: पालापाचोळा आणि घरचा कचरा हीच माती. मीही तेच करते. मासळी बाजारातून थर्माकोलची खोकी आणायची, तळाला भोकं पाडायची. खाली नारळाच्या शेंड्या, मग रस्त्यावरचा सुका पाला, भाजीची देठं आणि सालं, वर थोडी माती आणि शेणखत. अशी दहा खोकी हजार रुपयांच्या आत होतात. नर्सरीतून चिनीमातीच्या कुंड्या आणि तयार मातीच्या पिशव्या आणल्या तर तेच पैसे भाजीतून कधी फिटतील, हे मला सांगता येणार नाही. हलक्या खोक्यांनी वजनाचाही प्रश्न सुटतो. 20 लिटर ओली माती 30 किलोच्या वर भरते. जुन्या इमारतीच्या गॅलरीत अशा पंधरा कुंड्या कठड्याला टेकून ठेवणं धोक्याचं आहे.

ऊन मात्र आधी मोजा, आणि दोनदा मोजा. पालेभाजीला तीन-चार तास पुरतं, मिरचीला सहा हवेत. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला झुकलेला असतो. त्यामुळे थंडीत उन्हानं भरलेली दक्षिणेची गॅलरी जूनमध्ये सावलीत जाते. डिसेंबरात जागा बघून मिरच्या लावल्या आणि जूनमध्ये फूलच नाही, असं माझं झालंय. आता जून-जुलैत तिथे अळू आणि पुदिना असतो.

झाडांनाही रोग येतात. मिरचीवर चुरडा-मुरडा, मायाळूवर मावा. निंबोळी अर्क दर आठवड्याला मारला की आटोक्यात राहतं. मे महिन्यात दहा खोक्यांना रोज दहा-पंधरा लिटर पाणी लागतं. जून 2024 सारखी दहा टक्के पाणीकपात आली की तांदूळ-डाळ धुतलेलंच पाणी वापरते. एक चूक मात्र करू नका. पहिल्या पावसाळ्यात मी कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या होत्या. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना त्यात डासांच्या अळ्या मिळाल्या. शेजारच्या घरी तेव्हा डेंग्यूचा पेशंट होता. ती लाज अजून विसरले नाही. ताटल्या त्या दिवशीच काढल्या, आता खोकी विटांवर आहेत.

मग कुणी काय करावं?

फ्लॅट असेल तर कोंबड्यांचा विचारच सोडून द्या, अगदी दोनही नकोत. गोराई, मनोरी, मढ, उत्तनकडे स्वतःचं कुंपणातलं अंगण असेल, शेजारीही कोंबड्या पाळत असतील, तर पाच-सहा गावठी जरूर पाळा. त्यांची विष्ठा दोन-तीन महिने पाल्यात कुजवून झाडांना घाला. ताजी घातली तर मुळं जळतात. तिथे दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात, आणि मावशीच्या वांग्यांना जो रंग येतो तो माझ्या गॅलरीत कधी आला नाही.

अवघड आहे ते मधल्यांचं, माझ्या नणंदेसारख्यांचं. ओटा आहे, अंगण नाही. तिला मी भाजी सुचवली. चार कोंबड्या महिन्याला तेवढेच पैसे वाचवतील, पण लस, वास, घुशी आणि शेजार हे सगळं तिला एकटीला निभवावं लागेल. भाजी फसली तर दहा रुपयांची मेथी फसते. गावाला जायचं झालं तर कुंड्यांना शेजारीण पाणी घालेल. खुराडं साफ करायला ती यावी, ही अपेक्षा मी कुणाकडून करणार नाही.

ती थोडी हिरमुसली, कारण लेकीला कोंबड्यांचं कबूल करून बसली होती. मे महिन्यात पोरीला पंधरा दिवस गोराईला मावशीकडे ठेवायचं ठरलंय, तिथे तिनं हवी तेवढी पिल्लं सांभाळावीत. रविवारी आम्ही दोघी भांडुपच्या मासळी बाजारात खोकी आणायला जाणार आहोत. पहिल्या दोन खोक्यांत मेथी, पत्र्याच्या पागोळ्या पडतात तिथे अळू, आणि पिंपाशेजारी कढीपत्ता.