यकृताची गाठ फुटल्यास: एम्बोलायझेशन की तातडीची शस्त्रक्रिया?

सिरोसिसच्या (यकृत कायमचे खराब होऊन घट्ट झालेल्या) रुग्णाच्या पोटात अचानक तीव्र कळ येते, पोट झपाट्याने फुगते, चेहरा पांढराफटक पडतो आणि रक्तदाब घसरतो. मात्र रक्ताची उलटी नसते, शौचही काळी नसते. अशा वेळी केवळ पोटातील पाणी वाढले असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण यकृतातील कर्करोगाची गाठ फुटून रक्त पोटातच साचत असू शकते.

निदानासाठी सोनोग्राफी खाटेपाशीच होते, पण ती साचलेला द्रव दाखवते. तो कुठून आला हे तिला बहुधा सांगता येत नाही. सुईने काढलेला द्रव रक्ताचा असेल आणि तो गोठत नसेल, तर संशय बळावतो, कारण सुई चुकून रक्तवाहिनीत टोचून आलेले रक्त सहसा गोठते. गाठ, गळतीची जागा आणि प्रवेशिकेची (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेची) अवस्था मात्र कॉन्ट्रास्ट सीटीतच (शिरेत रंगद्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमध्येच) एकत्र दिसते, म्हणून रुग्ण थोडाही स्थिर होताच तो करावा.

यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रवेशिकेतून मिळते, तर गाठ मुख्यतः धमनीवर पोसली जाते. त्यामुळे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून नेमकी ती धमनी बंद केली, म्हणजेच एम्बोलायझेशन केले, की रक्तस्राव बहुतेकदा थांबतो आणि उरलेले यकृत तगून राहते. प्रवेशिकेचा मुख्य प्रवाह गाठीने अडला असेल किंवा बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) फार चढलेले असेल, तर हाच उपाय यकृत निकामी करू शकतो.

तातडीच्या शस्त्रक्रियेत गाठच निघून जाते, हे तिचे आकर्षण खरे. पण शॉकमधल्या (रक्तदाब धोकादायक घसरलेल्या), रक्त न गोठणाऱ्या, थकलेल्या यकृताच्या माणसाला ती क्वचितच झेपते. यकृताचे कार्य चांगले, गाठ कडेला आणि अनुभवी पथक हाताशी असेल, तरच तिचा विचार व्हावा. माझ्या मते बहुतेकांसाठी आधी एम्बोलायझेशन करावे आणि रुग्ण सावरल्यावर, पुन्हा तपासण्या करून, गाठ काढण्याचे ठरवावे. यकृत अगदीच ढासळले असेल, तर रक्त आणि वेदनाशमन यांपुरते थांबणे हाही एक निर्णयच आहे. तो नातेवाइकांना स्पष्ट सांगावा.

गडचिरोली किंवा गोंदियाहून नागपूरला रुग्ण आणणाऱ्यांनी रुग्णालयाच्या नावापेक्षा रात्री कॅथलॅब (नळी घालून उपचार करण्याची खोली) आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (ते करणारे तज्ज्ञ) उपलब्ध आहेत का, रक्तपेढीत प्लाझ्मा (रक्त गोठायला मदत करणारा रक्ताचा द्रव भाग) आहे का, हे वाटेतूनच फोन करून विचारावे; आणि जुना सीटी घरी राहिला असेल, तर तो मागून कोणाकडून तरी मागवून घ्यावा.