मायक्रोलाईटसाठी घेतलेलं कमरेचं लाईफ जॅकेट: चार महिने वापरून आणि कर्ली खाडीत भिजवून

मी आणि माझा मामेभाऊ मिळून एक दोन सीटचं मायक्रोलाईट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, उडवतो. वर पंख, खाली छोटी केबिन, दोन्ही बाजूंना दारं आणि खाली न उचलली जाणारी तीन चाकं. इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे हा प्रश्न कोकणात घाटावरच्यापेक्षा फार अवघड आहे, तिकडे निदान कापणी झालेलं मोकळं शेत मिळतं, इथे आंब्याच्या बागा, गडगे (दगडी कुंपणं), वीतभर कुणगे (भाताचे तुकडे), सड्यावर म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर जांभ्याचे दगड. पुळणीवर म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उतरावं तर रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) दोऱ्या, ओढून ठेवलेल्या होड्या आणि सुट्टीच्या दिवशी माणसंच माणसं. त्यामुळे कधीकधी किनाऱ्यालगतचं पाणी हीच सगळ्यात सपाट आणि रिकामी जागा असते, आणि हे मनाने मान्य केलं की मग तयारी करावीच लागते.

आमचं विमान इंजिनाशिवाय साधारण ८ ला १ सरकतं, एक मीटर खाली येईपर्यंत आठ मीटर पुढे. म्हणजे हजार फुटांवरून वारा नसेल तर अडीच किलोमीटरच्या आतच. आणि सकाळी आपण उडतो तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, म्हणजे किनाऱ्याकडे परत वळलं की वारा तोंडावर आणि ते अडीचही मिळत नाहीत. दुपारी खारा वारा मागून ढकलतो खरा पण तेव्हा पाणी खवळलेलं. हे गणित एकदा कागदावर मांडलं आणि त्याच आठवड्यात जॅकेट शोधायला लागलो.

पहिलं जॅकेट चुकीचं घेतलं ते आधी सांगतो, कारण ही चूक कुणीही करेल. ऑनलाईन दुकानात ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं बघून वाटलं हेच चांगलं, बेशुद्ध पडलो तरी आपोआप फुगेल. होडीवाल्यासाठी ते बरोबरच आहे. पण विमानात? त्यात पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती भिजली की आतल्या छोट्या गॅस सिलिंडरला भोक पडतं आणि जॅकेट फुगतं. केबिनमध्ये पाणी शिरलं की जॅकेट आतच फुगणार, विमान उलटं असेल तर ते तुम्हाला वर म्हणजे विमानाच्या तळाशी दाबून धरणार, आणि दार तर खाली पाण्यात. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं बोइंग ७६७ कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं होतं, १७५ पैकी १२५ माणसं गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी जॅकेट आतच फुगवल्यामुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही. हे वाचल्यावर मी ते जॅकेट परत पाठवलं. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती गोळी नुसती कपाटात पडून खराब होते, हा वेगळा त्रास.

मग घेतलं ते हे, कमरेला पट्ट्यासारखं बांधायचं, मॅन्युअल म्हणजे स्वतः दोरी ओढून फुगवायचं, १५० न्यूटन उचल देणारं, ३३ ग्रॅमच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरवालं. ३३ ग्रॅम म्हणजे किती असं भाऊ म्हणाला, तर आपल्याकडच्या हवेत तो गॅस साधारण १८ लिटर होतो, म्हणजे पाण्यात तेवढ्याच किलोंचा उचल. १५० न्यूटन म्हणजे १५ किलोंच्या आसपास, त्यामुळे हिशोब जुळतो. पाण्यात माणसाचं वजन जवळपास नसतंच, डोकं वर ठेवायला एवढं भरपूर आहे. सिलिंडर विमानाने येत नाही, रस्त्याने आला, बारा दिवस लागले, घेणार असाल तर मोसमाच्या आधीच मागवा.

चांगलं काय ते पहिलं सांगतो. हे अंगावर राहतं. एप्रिलमध्ये मालवणच्या उकाड्यात फोमचं जाडजूड जॅकेट घालून तुम्ही केबिनमध्ये बसून दाखवा, दहाव्या मिनिटाला काढून सीटमागे टाकाल आणि सीटमागचं जॅकेट उलट्या विमानात कुणालाही सापडत नाही. हे चार महिने दर फ्लाईटला घातलं, एकदाही काढावंसं वाटलं नाही. याला मी सगळ्यात जास्त मार्क देतो.

आता पाण्यातलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, भरती पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असताना देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत होडी घेऊन गेलो, ओळखीचे दोन स्कूबावाले पोरगे सोबत पाण्यात, आणि होडीवर एक म्हातारे नाखवा. उधाणाच्या ओहोटीला त्या मुखाशी पाणी इतकं जोरात बाहेर ओढतं की सराव करायला जाऊच नये. रोजच्या कपड्यात, बूट घालून, हेल्मेट घालून उडी मारली. दोरी ओढली की चार-पाच सेकंदात जॅकेट फुगलं, त्यात काहीच तक्रार नाही. पण फुगतं ते पोटासमोर! मग ते डोक्यावरून मानेत घालायचं आणि पट्टा ओढायचा ही दुसरी पायरी, आणि इथेच सगळी गोची आहे. हेल्मेटवर ते अडकतं. पहिल्या वेळी मी नाकातोंडात पाणी जाऊन पुरता गडबडलो, मग हेल्मेट आधी काढायचं हे कळलं. पाचव्या खेपेला हात आपोआप जायला लागला. प्रत्येक वेळी सिलिंडर फोडायची गरज नाही, नंतरच्या खेपा तोंडाच्या नळीने फुगवून केल्या.

नाखवा वरून बघत होते, ते एकच वाक्य दर वेळी ओरडायचे, “आधी भायर ये, मगे दोरी वड!” त्यांना विमानाचं काही माहीत नाही पण होडी उलटलेली त्यांनी बघितलेली आहे, आणि सगळा सराव त्या वाक्यातच होता. आम्ही आता उडायच्या आधी दोघंही ते मोठ्याने म्हणतो.

कारण पाण्यावर उतरताना होतं काय, चाकं आधी पाण्यात रुततात आणि विमान नाकावर जाऊन उलटं व्हायची शक्यता खूप असते. वर पंख असलेलं विमान तर सरळ राहिलं तरी पंखांवर तरंगतं आणि केबिन पाण्याखाली लोंबते. म्हणून आमचा क्रम असा ठरलाय की उतरायच्या आधीच दोन्ही दारं उघडून मधे काहीतरी अडकवायचं म्हणजे धक्क्याने चौकट वाकली तरी दार बसणार नाही, पट्टे करकचून आवळायचे, मोठ्या लाटांच्या ओळीला समांतर आणि जमेल तेवढं वाऱ्यावर, कमीत कमी वेगाने टेकायचं, एक हात दाराच्या चौकटीवर, सगळं हलायचं थांबलं की मगच पट्टा सोडायचा, चौकट धरलेल्या हाताच्या दिशेने बाहेर, आणि मग दोरी. उलटं झाल्यावर वर कुठे खाली कुठे काही समजत नाही, तो एक हात सोडला की दिशा गेली. डोळे मिटून जमिनीवर बसूनच हे वीस-पंचवीस वेळा केलं, पैसे लागत नाहीत.

आता त्रुटी. एक म्हणजे जॅकेटची पिशवी आणि सीटबेल्टचं बकल दोन्ही पोटावर एकाच जागी येतात. पिशवी बेल्टखाली गेली तर पट्टा सोडताना हात चुकीच्या गोष्टीवर जातो, म्हणून बेल्ट आधी खाली आणि पिशवी त्याच्या वर, आणि बसल्यावर तपासायचं, कारण ती सरकत सरकत कमरेच्या बाजूला जाते. दुसरं, ओढायची लाल मूठ झाकणाच्या आत शिवलेली आहे, ओल्या बोटांना पटकन लागत नाही, कंपनीने ती बाहेर ठेवायला हवी होती. तिसरं आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की बेशुद्ध किंवा हात मोडलेल्या माणसाला याचा उपयोग शून्य, आणि पोहता न येणाऱ्या पाहुण्यालासुद्धा मी हे देणार नाही. सोबत्यासाठी आम्ही आता मानेभोवती घोड्याच्या नालासारखं बसणारं मॅन्युअल जॅकेट मागवलंय, त्यात डोक्यावरून घालायची पायरीच नाही, दोरी ओढली की संपलं. गरम होतं पण पाहुणा एका तासासाठी बसतो, सहन करेल.

खाऱ्या हवेत देखभाल नीट लागते. भिजल्यावर गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. सिलिंडरवर त्याचं वजन कोरलेलं असतं, दर महिन्याला घरच्या काजूगर मोजायच्या काट्यावर ठेवायचं, दोन-तीन ग्रॅम जरी कमी भरलं किंवा आट्यांना गंज दिसला तर सरळ बदलायचा. एकदा फुटलेला सिलिंडर परत भरत नाही, नवीन किट घ्यावं लागतं, आणि ते मिळायला पुन्हा तेच बारा दिवस, म्हणून एक जास्तीचं घरात ठेवलंय.

जॅकेटसोबत शिट्टी आली, दिवा आला नाही, तो वेगळा घेतला. जाळ्यात किंवा पट्ट्यात अडकलो तर कापायला आकड्याच्या आकाराची पट्टा-कात्री खांद्यावर लावली, सुरी नको, उलटं असताना स्वतःलाच लागेल. फोन वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात, कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह केलेला, आणि किनाऱ्यावर एक माणूस आमची परतायची वेळ लिहून बसलेला, तो तर पहिल्या दिवसापासून आहे. आपल्याकडे पाणी गार नाही, थंडीने माणूस लगेच जात नाही, पण ओहोटी बाहेर ओढत असताना कुणाला कळलंच नाही तर तास आणि तास जातात.

नालवालं जॅकेट आलं की पुढच्या भांगाला पुन्हा कर्लीत उतरणार, या वेळी भावाला आणि त्याच्या बायकोलाही पाण्यात घ्यायचंय. दोन्हींची तुलना तेव्हा लिहितो. कमरेवालं स्वतः पोहणाऱ्या पायलटसाठी पाचापैकी साडेतीन, आणि ऑटोमॅटिक विमानात कुणी घातलेलं दिसलं तर कृपया थांबवा त्याला.