गुलूमध्ये नऊ महिने सीपॅप यंत्र वापरल्यानंतरचा अनुभव

उत्तर युगांडातील गुलू शहराबाहेरच्या एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळेच्या कामासाठी मी नऊ महिने स्वयंसेविका म्हणून राहिले. मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडखळण्याचा आजार असल्यामुळे रोज रात्री सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, लावूनच झोपावे लागते. यंत्र घरात वापरतात तेच, ह्युमिडिफायरसह (पाणी तापवून हवा दमट करणाऱ्या भागासह) येणारे, नेले होते. त्याविषयी लिहिताना सुरुवात वैद्यकीय मंजुरीपासून करते, कारण यंत्राने तिकडे साथ दिली ती बरीचशी त्या वेळच्या तयारीमुळे.

माझ्या स्लीप स्टडीत (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत) श्वास तासाला सरासरी ३४ वेळा अडखळत असल्याची नोंद आहे आणि ३० च्या वरचा आकडा तीव्र समजला जातो. हा अहवाल पाहून मला पाठवणाऱ्या संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी यंत्रातील मागच्या तीन महिन्यांच्या वापराच्या नोंदी, दाबाचे आकडे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आणि सोबत नेणार असलेल्या सुट्या भागांची यादी मागवली. दोन मास्क, दोन नळ्या, वर्षभर पुरतील इतके फिल्टर आणि एक जादा अडॅप्टर असल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. यात सात आठवडे गेले आणि त्या काळात मी त्यांच्यावर मनातून नाराज होते. आजार फॉर्ममध्ये लिहूच नको, असे सुचवणारेही भेटले. तसे करू नये, असे मी कळकळीने सांगते. लपवलेल्या आजाराचा विमा दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि परक्या मुलुखात प्रकृती बिघडली तर आधीच कामाने वाकलेल्या सहकाऱ्यांवर आपला भार पडतो.

एक गोष्ट मात्र त्या बारकाईतून निसटली. निवासस्थानी वीज आहे का, या प्रश्नापुढे ‘आहे’ एवढेच उत्तर होते. ती रात्री किती तास टिकते, हे कोणी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. गुलूपासून फार लांब नसलेल्या करुमा येथे नाईल नदीवर ६०० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे, तरी आमच्या भागात वादळी पाऊस झाला की तारा तुटून रात्रभर अंधार असे. सुदैवाने मी बॅटरी नेली होती. पहिल्याच आठवड्यात वीज गेली तेव्हा ह्युमिडिफायर सुरूच राहिला आणि दहाला झोपलेली मी दीडच्या सुमारास गुदमरून उठले. बॅटरी पार उतरली होती. पाणी तापवण्यातच बहुतेक वीज खर्च होते. पुढे ह्युमिडिफायर बंद ठेवून तीच बॅटरी पूर्ण रात्र पुरू लागली. सकाळी घसा कोरडा पडे, पण झोप मोडत नसे.

बॅटरी निवडताना विमानाचा नियम आधी पाहावा. १०० वॅट-अवरपर्यंतची (वॅट-अवर हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) लिथियम बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही. माझ्या बॅटरीवर आकडा ठळक छापलेला होता, त्यामुळे मुंबईला तपासणीत पाच मिनिटांत सुटका झाली.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री वीज परत येताना विजेचा दाब एकदम वाढला आणि अडॅप्टर जळाला. जादा अडॅप्टर पेटीतून काढताना सात आठवड्यांची सगळी नाराजी विरली. त्यानंतर मी सर्ज प्रोटेक्टरशिवाय (विजेच्या अशा झटक्यापासून वाचवणाऱ्या साधनाशिवाय) यंत्र जोडले नाही. तिकडे भिंतीतले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असते, तेव्हा आपल्या गोल पिनांसाठी चांगला प्लग इथूनच न्यावा.

धुळीचा अंदाज तर मला मुळीच नव्हता. तिथली माती आमच्या चिपळूणकडच्या जांभ्यासारखी तांबडी. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडे दिवस, कच्चे रस्ते आणि पेटवलेल्या गवताचा धूर. घरी महिनाभर पांढरा राहणारा फिल्टर तिथे बारा दिवसांत विटकरी झाला, बोटाने घासला तर पीठ निघावे तशी धूळ निघाली. हे फिल्टर धुऊन वापरण्याचे नव्हेत. वर्षाचा साठा सात महिन्यांत संपत आला, म्हणून नेताना दुपटीने न्यावेत.

मच्छरदाणीचाही प्रश्न होता. हिवतापाच्या प्रदेशात ती आवश्यकच, पण नळी तिच्या खालून आत घेतली की कूस बदलताना कड उचलली जाई आणि डास आत शिरत. शेवटी मोठी, जमिनीपर्यंत लोळणारी मच्छरदाणी घेतली आणि यंत्र स्टुलावर ठेवून स्टूलच तिच्या आत घेतले. मग त्रास राहिला नाही.

डिस्टिल्ड वॉटर मला जवळपास मिळाले नाही. वीज असलेल्या रात्री उकळून गार केलेले पाणी वापरले, आणि त्याने टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा थर मी दर रविवारी पातळ व्हिनेगरने काढत असे. नऊ महिन्यांत अवघ्या सहा रात्री यंत्राविना गेल्या. परतल्यावर डॉक्टरांनी नोंदी पाहून दाब आहे तोच ठेवला. बदलावी लागली ती फक्त नळी, सांध्यापाशी चिरलेली.