घाण्यावरचे जवस तेल चित्रांसाठी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहून तैलरंगात काम करतो. शहरातून मागवलेले शुद्ध जवस तेल संपले की पार्सल येईपर्यंत काम अडते, म्हणून मागच्या मार्चमध्ये, नवे जवस घरात आल्यावर, जवळच्या लाकडी घाण्यावरून एक लिटर तेल काढून आणले. "भाऊ, खाच्यासाठी पाहिजे का लावाच्यासाठी?" असे घाणेवाल्याने विचारले, तेव्हा दोन्हींत फरक असेल असे मला वाटले नव्हते. फरक आहे, आणि तो सगळा तेल घरी आणल्यानंतरच्या मेहनतीचा आहे.

घाण्यात जवस पिळताना दाण्यांना पाण्याचा हात द्यावा लागतो. जवसाच्या टरफलात बुळबुळीत चीक असतो आणि त्याचा काही अंश तेलात उतरतो. चटणीवर घ्यायला त्याची अडचण नाही, पण रंगात तोच चीक वाळण्याला खोडा घालतो आणि पुढे पिवळेपणा वाढवतो. त्यामुळे मी तेल धुतले. बरणीत एक भाग तेल, दोन भाग कोमट पाणी आणि चमचाभर मीठ घालून खूप हलवले की सगळे ताकासारखे पांढरे होते. रात्रभर ठेवल्यावर वर तेल, खाली पाणी आणि मधे मळकट सायीचा थर दिसतो. तो थर म्हणजेच चीक. पहिल्या खेपेला तो बोटभर जाड होता, पाचव्या खेपेला जवळजवळ दिसेनासा झाला. या खटाटोपात लिटरमागे सुमारे पाव लिटर तेल वाया जाते, हे हिशेबात धरावे.

धुतलेले तेल पसरट काचेच्या ताटात ओतून, वर काच किंचित उचलून धरेल अशा काड्या लावून, एप्रिलच्या उन्हात अंगणात ठेवले. रोज काडीने ढवळले, नाहीतर वर साय धरते. पंधरा दिवसांत ते मधाइतके दाट झाले आणि त्याचा तांबूस रंग उतरून फिकट गवती झाला. जवस तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचे कण एकमेकांत गुंततात. उन्हात हे काम अर्धे होऊन गेलेले असते, म्हणून दाट तेल लवकर वाळते. हार्डबोर्डच्या तुकड्यांवर गेरू घोटून मे महिन्यात पाहिले: कच्च्या तेलातला रंग सहा दिवस, धुतलेल्यातला चार आणि दाट केलेल्यातला अडीच दिवसांत हाताला लागेनासा झाला. पावसाळ्यात हेच दिवस जवळपास दुप्पट झाले, आणि काजळीचा काळा तर दोन आठवडे चिकटच राहिला.

माती-रंगांसाठी हे तेल मला विकतच्यापेक्षा अधिक आवडते. गेरू, हिरमुंजी आणि तपकिरी रंगांना त्यात मऊ चकाकी येते, आणि ब्रशच्या खुणा हळूच बसतात. पांढऱ्यासाठी मात्र ते घेऊ नये. टायटॅनियम पांढऱ्याचा एक तुकडा दोन महिने कपाटात ठेवला, तो हस्तिदंतासारखा पिवळा झाला. पुढे खिडकीत ठेवल्यावर बराच उजळला, पण पूर्ववत झाला नाही. आता पांढऱ्यात करडईचे तेल घालतो, ते कमी पिवळे पडते. मात्र सावकाश वाळते आणि त्याची साय तितकी चिवट नसते. सुतार वापरतात ते बेलतेल, म्हणजे जवसाचेच 'बॉइल्ड' तेल, स्वस्त मिळते म्हणून चित्राला लावू नये. त्यात वाळवणारी रसायने घातलेली असतात आणि ते काळवंडते.

दोन चुका माझ्या. घाईत प्रायमर पातळ लावल्याने एका कॅनव्हासच्या मागे तेलाचे तपकिरी डाग उतरले. तेल सुती धाग्यात मुरले की तो धागा हळूहळू कुजतो, म्हणून सरसाचा आणि प्रायमरचा थर नीट हवाच. दुसरी चूक याहून गंभीर होती. मे महिन्यात तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यातील टोपलीत टाकला होता. दुपारी उचलायला गेलो तर तो आतून गरम लागला. वाळताना जवस तेल उष्णता सोडते आणि गुंडाळलेल्या चिंधीत ती कोंडून पेट घेण्याइतकी वाढू शकते, हे मला वाचून माहीत होते, हाताला मात्र तेव्हा पहिल्यांदा कळले. आता चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवतो आणि नंतर अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवतो.

खोलीला जवसाचा वास सतत असतो. "तेल कुठी ठेवलं रे?" असे आई दर आठवड्याला विचारते, कारण धुण्याआधीच्या बाटलीतील बराचसा भाग भाकरीसोबत संपतो. या मार्चमध्ये दोन लिटर आणणार आहे, आणि एक बाटली आधीच तिच्या नावाने बाजूला काढून ठेवीन.