स्वीट पीच्या बियांचे पाकीट : बी चोख, वेळापत्रक परक्या मुलखाचे

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावात फुलझाडांचे बी मिळत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावातील एका रोपवाटिकेतून स्वीट पीचे ३० बियांचे पाकीट ८० रुपयांना आणले. पाकिटामागे ‘पेरणी : ऑगस्ट ते ऑक्टोबर’ असे छापलेले होते, त्यावर विसंबून पोळ्यानंतर लगेच निम्मे बी कुंपणालगत लावले. चारच रोपे वर आली आणि तीही बुडाशी काळी पडून आठवडाभरात आडवी झाली. रोपवाटिकेत विचारले तर ‘पाणी जास्त दिले असेल’ असे उत्तर मिळाले. पाणी तर वरूनच पडत होते. सासूबाईंनी मात्र मेलेल्या रोपाचे पान हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “ही त लाखोरीच्या जातीची दिसते वं. लाखोरी कोणी पोळ्याले पेरते का?”

त्यांचे निदान अचूक होते. स्वीट पी आणि लाखोरी (जिची लाखेची डाळ होते ते कडधान्य) या एकाच लॅथिरस कुळीतल्या. स्वीट पी मूळची सिसिली आणि दक्षिण इटलीकडची. तिथल्या फ्रान्चेस्को कुपानी या धर्मगुरूने १६९९ साली तिचे बी इंग्लंडला पाठवले आणि तिथून ती जगभरच्या बागांत गेली. मूळ मुलखात ती हिवाळ्यातल्या पावसावर वाढते आणि उन्हाळा लागताच वाळते, म्हणजे आपल्या भाषेत ती रब्बीचीच आहे. आमच्याकडे धान कापणीला आले की बांधीतल्या (धानाच्या खाचरातल्या) ओलीवर उभ्या धानातच लाखोरी फोकतात, म्हणजे हाताने विखरून पेरतात. तोच सुमार धरून उरलेले १५ बी लावले. आदल्या रात्री ते भिजत घातले आणि सकाळपर्यंत न फुगलेल्या चार दाण्यांचे टरफल पाट्यावर हलकेच घासले. १२ उगवले. एवढ्यावरून बियांच्या दर्जाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पाकिटासोबत घ्यायला लावलेली प्लॅस्टिकची जाळी मात्र निरुपयोगी ठरली. या वेलाच्या पानाला दोनच पर्णिका असतात आणि पुढे टोकाशी सुतासारखे ताणे फुटतात. ते बारीक काडीला दोन-तीन वेढे देऊन घट्ट बसतात, जाड बांबूवरून मात्र घसरतात. आमची जाळी वाऱ्याने सैल पडून वेलीच ओढू लागली, तेव्हा ती काढून धुऱ्यावरच्या गेल्या वर्षीच्या तुरीच्या तुराट्या फांद्यांसकट रोवल्या. चार दिवसांत प्रत्येक वेलीने आपापली काडी धरली. रोपे वीतभर होताच शेंडे खुडले, त्यामुळे बगलफुटवे भरपूर आले. युरिया दिला नाही, कारण मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पुरवतात आणि वरून नत्र दिला तर नुसता पालाच माजतो. जानेवारीत शेंड्यांवर मावा दिसला, तो निंबोळी अर्काच्या दोन फवारण्यांत आटोक्यात आला.

फुले जानेवारीच्या मध्याला सुरू झाली : जांभळी, गुलाबी, पांढरी आणि एका वेलीवर गडद मरून. सकाळी दार उघडले की ओसरीपर्यंत वास येई. रोज फुले तोडणे इथे हौसेचे काम नसून गरजेचे आहे. दोन दिवस लग्नाला गेलो तर शेंगा धरल्या आणि पुढची फुले निम्म्यावर आली. फेब्रुवारीअखेर ऊन तापले तशा वेली पिवळ्या पडल्या. त्यापुढे पाणी देऊनही उपयोग झाला नाही.

पाकिटावर एका गोष्टीचा उल्लेख नाही, तो असायलाच हवा होता. या शेंगा हुबेहूब वाटाण्यासारख्या दिसतात, पण दाणे विषारी असतात. लाखोरीत पायांना अपाय करणारे द्रव्य असते. स्वीट पीतले त्याहून वेगळे, हाडांना आणि सांध्यांना बाधणारे. ज्या गावात पोरे शेतातला वाटाणा सोलून खात हिंडतात, तिथे ही ओळ पेरणीच्या तारखेपेक्षा ठळक छापायला हवी.

पुढल्या हंगामासाठी दोन वेलींचे बी राखेत घालून ठेवले आहे. पाकीट आता घेणार नाही. डबीवर पेरणीचा महिना आणि ‘खायचे नाही’ हे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.