टिळकवाडीतली रक्ततपासणीची लॅब, दीड वर्षाचा अनुभव

मी खानापूरची, थायरॉईड कमी असल्याची गोळी बारा वर्षं चालू आहे, गेल्या वर्षी वजनाचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं, म्हणजे पोटाची पिशवी कापून लहान करतात ते. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, ताळ्यावर आल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाले सर्जन, म्हणून सहा-सहा आठवड्यांनी पहाटेची बस धरून ह्या लॅबला यायचे.

खरं सांगते, इथल्या काउंटरवरच्या अक्कांनी मला वाचवलं. ऑपरेशननंतर केस फार गळूलालते म्हणून मी बायोटिनच्या गोळ्या घ्यायला लागले होते, त्यांनी रक्त घ्यायच्या आधी विचारलं कुठली व्हिटॅमिन चालू आहेत, आणि बायोटिननं टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, डॉक्टरांना विचारून दोन दिवस बंद ठेवून परत या म्हणून घरी पाठवलं. तेव्हा रागच आला, एक खेप फुकट गेली ना. पण टीएसएच कमी म्हणजे गोळी जास्त होतेय असा अर्थ धरतात, तो चुकीचा रिपोर्ट धरून डोस कमी झाला असता तर?

आता २८ किलो उतरलंय, डॉक्टरांनी थायरॉईडच्या गोळीचा डोस १२५ वरून १०० मायक्रोग्रॅम केला. साडेपाचला उपाशीपोटी गोळी, तासाभरानं चहा, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, लोहाची रात्री. थायरॉईडच्या गोळीपासून ह्या दोन्हींना चार तास तरी अंतर पाहिजेच, नाहीतर ती नीट अंगी लागत नाही.

तक्रार एवढीच की रिपोर्ट दुपारी म्हणतात आणि देतात संध्याकाळी, आणि जिना फार उभा आहे, आमच्यासारख्या जड माणसांना त्रास होतो, खाली एक खुर्ची तरी ठेवा.